टायर मोठा केला, आता क्राउनचं काय?

दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटतात, फडात टोळ्या उतरतात आणि बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर दोन तऱ्हेची मोठी चाकं दिसू लागतात. एक, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची. दुसरी, एमएच ४२ नंबरच्या थार, गुरखा, जिप्सी आणि जुन्या जिपांची: कंपनीनं दिलेल्यापेक्षा उंच, रुंद, मडगार्डच्या बाहेर आलेली. उसाचं बिल खात्यावर जमा झालं की टायरच्या दुकानात तरुण शेतकऱ्यांची गर्दी होते. एमटी (चिखलाचा) घ्यायचा की एटी (सगळ्या वाटांचा), रिंग बदलायची का, गाडी किती उचलायची, अशी चौकशी तासभर चालते. टायरबरोबर आपण गाडीचे सगळे गेअरही बदलून घेतले आहेत, हे मात्र बिलावर कुठे लिहिलेलं नसतं.

महिनाभरानं गाडी पुन्हा गॅरेजात येते. ओढत नाही. दुसऱ्यात घेत नाही, पहिल्यात टाकावी लागते. क्लचचा वास येतो. मग कुणीतरी सुचवतं, की क्राउन-पिनियन, म्हणजे हौसिंगमधली शेवटची दातांची जोडी, बदलून टाक. हा सल्ला काही गाड्यांना अगदी योग्य असतो, आणि बऱ्याच गाड्यांना अजिबात लागू नसतो. ते ठरवायचं गणित शाळेतल्या त्रैराशिकाएवढंच आहे. ते न करता लोक हजारो रुपये खर्च करतात आणि चांगल्या गाडीचा जीव काढतात, हे बघवत नाही.

आधी जमीन बघू, कारण टायर घ्यायचा तो जमिनीसाठी. बारामती तालुक्याचे बागायत आणि जिरायत असे सरळ दोन भाग आहेत. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा आला आणि त्याच्याखालचा सोमेश्वर, माळेगावपासून इंदापुरातल्या सणसर, भवानीनगर, लासुर्ण्यापर्यंतचा पट्टा पुढे उसाचा झाला. उत्तरेला सुपे, उंडवडी, शिर्सुफळकडे मुरमाड माळ, गवत आणि ओढे. पाऊस दोन्हीकडे बेताचाच, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा परतीचा. म्हणजे गाळप हंगाम तोंडावर येतो, तेव्हाच पाणंदीत चिखल असतो.

बागायतीतली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते. ओली असताना ती टायरच्या नक्षीत गच्च बसते. मग कितीही महागाचा टायर असो, शंभर पावलांत त्याची नक्षी भरून जाते आणि चाक गुळगुळीत होतं. कालव्याच्या पाण्यानं पिढ्यान् पिढ्या भिजलेली काही रानं खारवट आणि चोपण झाली आहेत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास केला होता. चोपण रानात पाणी मुरत नाही, वरचा थर निसरडा राहतो आणि गाडी जागच्या जागी आडवी होते. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की पळसदेव, भिगवणकडे गाळपेरीची रानं उघडी पडतात. तिथं वर वाळलेली पापडी असते आणि खाली ओला गाळ. माळावर चिखल नसतो, पण मुरमातला धारदार दगड टायरची बाजू फाडतो.

या चार जमिनींना एक टायर पुरत नाही. ज्या चिखलाला खाली कठीण तळ आहे, त्यात अरुंद टायर चांगला. तो चिखल कापून तळ गाठतो. जुन्या विलीज जिपेचा ६.००-१६ टायर असाच अरुंद होता. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला आजही हाच साइज सर्रास असतो. पण खोल काळ्या रानात तळ लागतच नाही. तिथं वरच्या वर तरंगत जावं लागतं, आणि त्यासाठी टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढवावा लागतो.

तो वाढवायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हवा कमी करणं. टायरच्या आत जेवढी हवा, जवळजवळ तेवढाच दाब तो जमिनीवर देतो. बत्तीसची हवा अठरावर आणली की टायर बसतो, जमिनीवरचा पट्टा लांब होतो, आणि ज्या पाणंदीत गाडी रुतत होती तिथून ती निघून जाते. टायर मोठा असला तर हवा आणखी कमी ठेवता येते, हा मोठ्या टायरचा खरा फायदा. दुसरा फायदा उंचीचा: डिफरेन्शियलचं हौसिंग जमिनीपासून वर जातं. मात्र टायर दोन इंचांनी उंच केला तर हौसिंग एकच इंच वर जातं, कारण उरलेला इंच एक्सलच्या वरच्या बाजूला राहतो. गाडी कमानीखालून उचलली तर बॉडी वर जाते, हौसिंग जिथल्या तिथं राहतं. पाणंदीच्या मधल्या उंचवट्यावर पोट टेकणाऱ्या गाडीला या एका इंचाची किंमत असते, हे मान्य.

आपल्या बैलगाडीच्या इतिहासात हे दोन्ही फायदे वेगवेगळे दिसतात. जुनी गाडी लाकडी चाकांची, त्यावर लोखंडी धाव, चाक माणसाच्या छातीपर्यंत उंच. उंच चाक खड्ड्यातून आणि दगडावरून सहज चढतं. ती उंची सुतारांना कळत होती. पण धाव अरुंद, सगळं वजन एका रेघेवर, त्यामुळे चाकोऱ्या खोल पडत. मग उसाच्या वाहतुकीत टायरगाडी आली. चाक ठेंगणं झालं, तरी बैलांना रस्त्यावर ओढायला हलकं गेलं आणि भार वाढवता आला. उंची गमावूनही हवेचा टायर जिंकला. थारला कोणता टायर घालायचा हे ठरवताना मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता गणित. टायरवर २४५/७५ आर १६ असं लिहिलेलं असतं. २४५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ७५ टक्के बाजूची उंची, आणि १६ इंचाची रिंग. रिंगचे ४०६ मिलिमीटर आणि वर-खाली दोन बाजूंचे मिळून ३६७ धरले की चाकाची उंची साधारण ७७४ मिलिमीटर येते, म्हणजे साडेतीस इंच. २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेल्या नव्या थारला खालच्या प्रकारात हा साइज होता आणि वरच्या प्रकारात २५५/६५ आर १८, म्हणजे ७८९ मिलिमीटर. २०१० च्या जुन्या थारचा २३५/७० आर १६ हा ७३५ मिलिमीटरचा, जेमतेम २९ इंच. जिप्सीचा २०५/७० आर १५ तर फक्त ६६८.

जुन्या थारला ३१ इंचाचा टायर घातला तर उंची सात टक्क्यांनी वाढते. नव्या थारच्या १८ इंची रिंगवाल्या प्रकाराला ३३ इंचाचा घातला तर सहा टक्क्यांच्या थोडी वर. जिप्सीला २३५/७५ आर १५ घातला की जवळजवळ दहा टक्के, आणि ३० इंचाचा घातला की चौदा. सगळा निर्णय या टक्क्यांवर आहे. तेरा-चौदाशे सीसीचं, ८० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन चौदा टक्के सोसत नाही. १३० अश्वशक्तीचं आणि ३०० न्यूटन मीटर ओढीचं डिझेल इंजिन सहा टक्के सहज पचवतं. मोठ्या टायरबद्दल दोन मित्रांची मतं जुळत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. ७३५ मिलिमीटरचं चाक एका फेऱ्यात २.३१ मीटर जातं, ३१ इंचाचं २.४७ मीटर. म्हणून मीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८५ च्या पुढे असते. पुणे-सोलापूर महामार्गावर इंदापूरजवळ ही चूक नुसती दंडाची राहत नाही, थांबायच्या अंतराची होते. किलोमीटरही कमी मोजले जातात. मीटरवर १०,००० झाले तेव्हा गाडी १०,७०० धावलेली असते. टायर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज पडला अशी तक्रार होते, त्यातला काही भाग असा मीटरचा असतो. बाकीचा खरा असतो, कारण टायर जड आहे आणि रस्त्यावर फिरताना त्याला अडथळा जास्त होतो.

इंजिनाच्या बाजूनं बघितलं तर प्रत्येक गेअर थोडा उंच झाला. समजा क्राउन-पिनियनचं प्रमाण ४ आहे आणि गाडी एकास एक गेअरमध्ये खऱ्या ९० च्या वेगानं चालली आहे. ७३५ च्या चाकावर इंजिन मिनिटाला २६०० च्या आसपास फिरेल, ३१ इंचावर २४२५. सपाट रस्त्यावर हे चांगलंच वाटतं, इंजिन शांत होतं. अडचण खालच्या टोकाला येते. आजच्या टर्बो डिझेलची ओढ साधारण १६०० फेऱ्यांच्या पुढे भरते. फडातून पाणंदीत, पाणंदीतून चारी ओलांडून डांबरीवर, मागं छोटी ट्रॉली, अशा वेळी गाडी १६०० च्या खालीच घुटमळते. मग चालक क्लच अर्धा दाबून धरतो. टायर मोठा केल्यावर इंजिनाआधी क्लच प्लेट जाते, ती यामुळे.

इथं फोर लो वापरायचं असतं, आणि फार लोक ते वापरत नाहीत. फोर बाय फोर गाडीत ट्रान्सफर केसचा लो गेअर ओढ साधारण अडीच पट करतो. पहिला गेअर ४, लो अडीच, क्राउन ४ धरला तर गुणाकार ४० येतो. टायर दहा टक्के मोठा केला तर तो जणू ३६ होतो. चाळीसचे छत्तीस झाले म्हणून रानात गाडी अडत नाही. अडते ती हायमध्ये राहून क्लचवर खेळवल्यामुळे. चिखलात तर पहिला लोसुद्धा चालत नाही. नक्षीत बसलेली माती उडवायला चाक जोरात फिरावं लागतं, म्हणून लोचा दुसरा किंवा तिसरा घ्यावा लागतो. त्या क्षणी जड टायर फिरवत ठेवण्याएवढा दम इंजिनात उरतो की नाही, ही खरी परीक्षा.

आणि आता क्राउन-पिनियन. बारामती-इंदापूरच्या वाचकाला दातांचं प्रमाण समजावून सांगायला दूर जायची गरज नाही. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंद यांनी वसवलेल्या या गावात साखर कारखान्याबरोबर यंत्रांचा कारखाना वाढला, आणि वालचंदनगर इंडस्ट्रीजनं साखर कारखान्यांपासून नौदलाच्या जहाजांपर्यंत गेअरबॉक्स बनवले. साखर कारखान्यात वाफेची टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते, आणि ऊस पिळणारा रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच. मधला सगळा फरक दातांनी उतरवायचा असतो. फेरे उतरतात तशी ओढ चढते. उसाच्या पाठीवर उभं राहिलेलं हे सगळं अर्थकारण दातांच्या त्या उतरंडीवर चालतं. आपल्या गाडीच्या मागच्या हौसिंगमध्ये तीच उतरंड शेवटची पायरी म्हणून बसलेली आहे.

पिनियनला ९ दात आणि क्राउनला ४१ असतील तर प्रमाण ४.५६. पिनियनला १० दात असतील तर ४.१०. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जिपेचं प्रमाण ४.८८ होतं, ३९ ला ८. महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवलेल्या सीजे-३बी घराण्याचं ५.३८, ४३ ला ८. साठ-सत्तर अश्वशक्तीच्या इंजिनानं २९ इंचाच्या आतली चाकं फिरवून ती जीप वाटेल तिथं जायची, त्यामागं हे मोठं प्रमाण होतं. तिला वेग नव्हता आणि तो तिच्याकडून कुणी मागतही नव्हतं. पुढे कमांडर जिपा वडाप म्हणून गावोगाव धावल्या, माणसं टपापर्यंत भरून, आणि त्यांनाही कुणी मोठे टायर घातले नाहीत. ज्यांचं पोट गाडीवर होतं, त्यांनी प्रमाण बिघडवलं नाही.

नवं प्रमाण काढणं सोपं आहे. जुनं प्रमाण गुणिले नव्या टायरची उंची, भागिले जुन्या टायरची उंची. प्रमाण ४ असलेल्या गाडीला सात टक्के मोठा टायर घातला तर ४.२८ हवं. बाजारात ४.१० मिळेल, ४.५६ मिळेल. पहिल्यानं फरक भरून येत नाही, दुसऱ्यानं महामार्गावर इंजिन आधीपेक्षा जास्त ओरडतं. म्हणून सात टक्क्यांसाठी हौसिंग उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच टक्क्यांच्या आत तर प्रश्नच नाही. दहाच्या पुढे गेलात, इंजिन लहान आहे आणि मागं ओझं ओढायचं आहे, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर क्राउन बदलणं शहाणपणाचं. आपल्या भागात हे मुख्यतः जिप्सीला आणि जुन्या पेट्रोल जिपांना लागू होतं. जुन्या जिपांच्या एक्सलला निरनिराळ्या प्रमाणांचे जोड पूर्वीपासून मिळत आले आहेत. नव्या गाड्यांची गोष्ट तेवढी सोपी नाही.

क्राउन बदलण्यात एक धोका आहे, तो गॅरेजात क्वचितच सांगितला जातो. त्याच हौसिंगमध्ये प्रमाण वाढवायचं तर क्राउनला जागा मर्यादित असते, म्हणून पिनियन बारीक करावा लागतो. बारीक पिनियनला दात कमी, एका वेळी कमी दात भार घेतात, आणि दात तुटण्याची शक्यता वाढते. मोठा टायर त्याच दातांवर जास्त हिसका देतो. ओढ परत मिळते, पण मजबुतीतला काही वाटा त्या बदल्यात जातो. गोव्यात २०१४ पासून होत आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत उतरणाऱ्या गाड्या प्रमाणाबरोबर एक्सलही मजबूत करतात, हे त्यांची छायाचित्रं बघून टायर घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आणि फोर बाय फोर गाडीत क्राउन एक बदलून भागत नाही. पुढचा आणि मागचा, दोन्ही एकाच प्रमाणाचे हवेत. नाहीतर फोरमध्ये टाकताच पुढची चाकं एका वेगानं आणि मागची दुसऱ्या वेगानं फिरू बघतात आणि ट्रान्सफर केस आवळून धरते. फोर बाय फोर ट्रॅक्टर वापरणाऱ्यांना याची एक वेगळी तऱ्हा माहीत असावी. ट्रॅक्टरची पुढची चाकं लहान, मागची मोठी, आणि गेअर असे बसवलेले असतात की पुढची चाकं मागच्यांपेक्षा एक ते पाच टक्के पुढे ओढत राहतात. फक्त मागचे टायर एका साइजनं मोठे केले, पुढचे तेच ठेवले, की मागची चाकं पुढच्यांना ढकलू लागतात. पुढचे टायर झिजतात, पुढचा एक्सल कुरकुरतो, डिझेल वाढतं. ट्रॅक्टरचा टायर बदलताना पुढचा-मागचा मिळून विचार करायचा तो याच हिशेबासाठी. जिपेतही चारच्या चार टायर एकसारख्या झिजीचे ठेवावेत, आणि मागच्या दारावरचं पाचवं चाकही त्याच साइजचं असावं. ते जड झालं की दाराच्या बिजागरीवर किती भार येतो, हेही बघावं.

ब्रेकबद्दल कुणीच विचारत नाही. ब्रेक ज्या ताकदीनं चाक धरतो ती तेवढीच राहते, पण चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे रस्त्यावर तिचा परिणाम त्याच प्रमाणात घटतो. शिवाय जड चाक फिरत राहायला बघतं. क्राउन बदलून हा दोष जात नाही, कारण ब्रेक चाकावर आहे आणि क्राउन त्याच्या अलीकडे. गाळप हंगामात रात्री भिगवण रस्त्यावर विनादिव्याची ट्रॉली अचानक समोर येते, तेव्हा त्या थोड्या मीटरांवर सगळं ठरतं. हंगामात माणसं गेल्याच्या बातम्या या पट्ट्यानं पुरेशा वाचल्या आहेत.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांपासून गाडी बदलायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेवर बोट ठेवून ते आणखी पक्कं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघात झाला तर विमा कंपनीही टायरचा साइज बघते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला कंपनीनं जो साइज दिला आहे, तिथपर्यंत जाणं त्यातल्या त्यात बिनघोर. थारच्या बाबतीत २४५/७५ आर १६ वरून २५५/६५ आर १८ वर गेलं तर उंचीत दोन टक्क्यांचाही फरक पडत नाही. म्हणजे मीटर, ब्रेक, क्लच, क्राउन, सगळे जिथल्या तिथं. काळ्या रानासाठी मात्र मी १६ इंची रिंगच ठेवीन, कारण तिच्यावर टायरची बाजू उंच राहते आणि हवा कमी केल्यावर तो नीट बसतो.

उरलेल्या पैशात चांगल्या नक्षीचा टायर, बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप आणि एक मजबूत ओढपट्टा घ्यावा. पंप नसेल तर हवा कमी करू नये. कमी हवेवर डांबरी रस्त्यावर पळवलेला टायर तापून फुटतो. आणि नव्या टायरची हौस माळावर भागवू नये. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी राखलेलं आहे, शिर्सुफळ आणि कडबनवाडीला वनविभागानं गवताळ सफारी सुरू केली आहे. गवताळ माळ पडीक दिसतो, पण तिथं लांडग्यांची बिळं आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात. चाकोरी सोडून एक गाडी गेली की पुढच्या पावसात तिथून पाणी वाट काढतं.

ज्यांच्या गाडीला क्राउन बदलणं खरंच गरजेचं आहे, त्यांनी काम कुणाकडून करून घ्यायचं हे प्रमाणाइतकंच काळजीपूर्वक ठरवावं. क्राउन आणि पिनियन जोडीनंच घासून तयार केलेले असतात. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन बसवायचा नाही. पिनियन किती आत बसला, दोन दातांत मोकळीक किती राहिली, हे शिम घालून जुळवावं लागतं, आणि ती मोकळीक मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांशाची असते. दातांना रंग लावून फिरवल्यावर ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. टोकाला उमटला तर गाडी वेगात हुंकारते, मुळाशी उमटला तर दात खातो. ठसा स्वतः बघितल्याशिवाय झाकण लावू देऊ नये, आणि जुनी बेअरिंगं वाचवायच्या भानगडीत पडू नये. पहिल्या दिवशी पंधरा-वीस किलोमीटर सावकाश चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, असं दोन-तीनदा करावं. पहिले काही शे किलोमीटर मागं ट्रॉली जोडू नये. आठशेच्या आसपास हौसिंगचं तेल उतरवून ते फडक्यावर ओतून बघावं. बारीक करडी पूड दिसली तर दात एकमेकांत बसत आहेत. बोटाला टोचणारा तुकडा लागला तर ट्रॉली लांबच राहू दे, हौसिंग पुन्हा उघडायचं.